छायाचित्राचा दोष आणि मित्राची दृष्टी

१८५४ साली मुंबईत हौशी छायाचित्रकारांची सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही तिचे सभासद होते.

इंग्लंडात पुढे टपालमंडळे निघाली. प्रत्येक सभासद आपले चित्र पेटीत घाली. पेटी टपालाने घरोघरी फिरे आणि प्रत्येकजण इतरांच्या चित्रांवर अभिप्राय लिही. टीकाकाराचे चित्रही त्याच पेटीत असल्याने लेखणी आपोआप सौम्य होई.

नुसत्या वाहवेने कोणी शिकत नाही. उपहासाने तर कॅमेरा कपाटात जातो. “क्षितिज कलले आहे,” “मुखावर छाया पडली आहे,” असे नेमके सांगितले, तरच पुढचे चित्र सुधारते.

वाचकहो, मुलाने काढलेले चित्र पाहताना आधी गुण सांगावा, मग एकच दोष.