गायीचा गर्भ नळीत का रुजत नाही?

‘गायी-म्हशींना कधी असलं झालेलं ऐकलं नाही बुवा!’ गर्भ नळीत राहिल्याचं निदान झालं की घरातलं कुणीतरी हे म्हणतंच, आणि मग बाईचं खाणं, धावपळ, वजन उचलणं यांवर खापर फुटतं. निरीक्षण खोटं नाही. माणसात १०० पैकी एक-दोन गर्भधारणा गर्भाशयाबाहेर होतात, त्यांतल्या ९० टक्क्यांहून अधिक गर्भनलिकेत. गायीत नळीतला गर्भ जवळजवळ अनोळखीच. पण याचं कारण बाईच्या वागण्यात नाही, ते गोठ्यात पडलेल्या जारात आहे. छत्रपती संभाजीनगरच्या आसपास कुठल्याही गोठ्यात, गाय देवणी असो की संकरित, व्याल्यावर पडलेला जार निरखून पाहा. त्यावर गडद लाल, बटणांसारख्या गाठी दिसतील. गर्भाशयाच्या अस्तरावरही साधारण शंभरेक उंचवटे असतात, आणि या गाठी त्यांनाच बसतात. नळीत असा एकही उंचवटा नसतो. शिवाय गायीचा गर्भ चौथ्या-पाचव्या दिवशी गर्भाशयात उतरतो, तिथल्या स्रावावर तरंगत वाढतो आणि चिकटू लागतो तो १९-२० व्या दिवसाच्या सुमारास. माणसाचा गर्भ ६-७ व्या दिवशीच जिथं असेल तिथलं अस्तर पोखरत आईच्या रक्तवाहिन्यांपर्यंत शिरतो. जंतुसंसर्ग, जुनी शस्त्रक्रिया किंवा धूम्रपान यांमुळे तो वाटेत दोन-तीन दिवस रेंगाळला, तरी घोटाळा होतो.

उंदराचा गर्भही पोखरतो, मग त्याच्या नळीत का रुजत नाही? आक्षेप रास्त आहे. प्रयोगात तोच गर्भ मूत्रपिंडाच्या आवरणाखाली ठेवला तर तिथं शिरतो. उंदराची नळी मात्र त्याला दाद देत नाही. म्हणजे नुसतं पोखरणं पुरत नाही, नळीनंही थारा द्यावा लागतो. जनावरं चार पायांवर चालतात म्हणून वाचतात, हा मुद्दा तर टिकतच नाही, कारण चार पायांवरच चालणाऱ्या मकाक माकडांत विरळा का होईना, नळीतले गर्भ नोंदले गेले आहेत. उरला शेळी-मेंढीच्या पोटात आतड्यांजवळ कधीतरी सापडणारा वाळका गर्भ. तो बहुधा आधी गर्भाशयातच वाढलेला असतो. पिशवी फाटल्यावर बाहेर पडतो, रक्तपुरवठा तुटतो आणि सुकतो. त्याला नळीतल्या गर्भाच्या पंक्तीला बसवणं चूक.

पाळी चुकलेली असताना ओटीपोटात एका बाजूला कळ आली, रक्तस्राव किंवा भोवळ आली, तर कुणाचं चुकलं याची चर्चा नंतर करा. त्याच दिवशी संभाजीनगरचं घाटी रुग्णालय गाठा किंवा जवळचं कुठलंही.