२९८ टन आणि ४३ मिलिग्रॅम

जगभरातल्या रुग्णालयांत आणि औषधांच्या दुकानांत वर्षाकाठी पोचणारी सगळी अफूवर्गीय वेदनाशामकं एकत्र करा, प्रत्येकाची ताकद मॉर्फिनच्या मापात बदलून घ्या आणि तराजूत टाका. काटा थांबतो २९८.५ टनांवर. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ मध्ये हा हिशेब मांडला. बाजार समितीच्या मापात हे झाले २,९८५ क्विंटल. त्यातला किती माल जगातल्या सर्वांत गरीब देशांकडे गेला? ०.१ टन, म्हणजे एक क्विंटल. उरलेले २,९८४ क्विंटल बाकीच्यांनी वाटून घेतले, आणि त्या वाटपातही सगळ्यांना सारखं मिळालं नाही.

भारत त्या सर्वांत गरीब गटात मोडत नाही. तरीही आपल्याकडे ज्यांना अशा औषधाची गरज आहे, त्यांतल्या प्रत्येकामागे वर्षाला उपलब्ध होत होतं ४३ मिलिग्रॅम, गरजेच्या ४ टक्के. मेक्सिकोत ५६२, चीनमध्ये ३१४, नायजेरियात ०.८. आणि अमेरिकेत ५५,७०४ मिलिग्रॅम, भारताच्या जवळजवळ १,३०० पट.

४३ मिलिग्रॅम किती पुरतं? कॅन्सर हाडांत उतरलेल्या रुग्णाला तोंडाने घ्यायचं मॉर्फिन साधारण ५ ते १० मिलिग्रॅमपासून सुरू करतात आणि दर चार तासांनी देतात. दिवसाचे सहा डोस, ३० ते ६० मिलिग्रॅम. म्हणजे वर्षाचा कोटा पहिल्या नाहीतर दुसऱ्या दिवशी संपला. पुढचे ३६३ दिवस पॅरासिटामॉल, देवाचं नाव आणि घरच्यांची जागरणं.

२०१५ साली जगात ५ कोटी ६२ लाख माणसं मरण पावली. आयोगाच्या अंदाजानुसार त्यांतली २ कोटी ५५ लाख, म्हणजे जवळपास निम्मी, गंभीर आजाराच्या यातना सोसत गेली. त्या वर्षी अशाच यातना भोगत जगणाऱ्यांची भर घातली तर आकडा होतो ६ कोटी १० लाख. महाराष्ट्राची जवळपास निम्मी लोकसंख्या कण्हते आहे, इतका.

सेकंदाला ३४४ गोळ्या

आता दुसरं टोक. २००६ ते २०१२ या सात वर्षांत अमेरिकेतल्या औषध दुकानांना ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन या दोनच औषधांच्या ७,६०० कोटी गोळ्या पुरवल्या गेल्या. सात वर्षांचे सेकंद मोजून भागाकार केला, तर दर सेकंदाला ३४४ गोळ्या, रात्रंदिवस. तान्ही बाळं धरून माणशी जवळपास २५०.

सरासरीत गावं लपतात. वेस्ट व्हर्जिनिया राज्यात केरमिट नावाचं जेमतेम ४०० वस्तीचं गाव आहे. तिथल्या एका दुकानात दोन वर्षांत हायड्रोकोडोनच्या सुमारे ९० लाख गोळ्या उतरल्या. गावातल्या प्रत्येक जिवाला रोज ३० गोळ्या! अर्थात गिऱ्हाइकं दूरदूरहून येत होती. पण दारात गाड्यांची रांग लागत असताना पुरवठा सुरूच राहिला. एरिक आयर या स्थानिक पत्रकाराने हे आकडे बाहेर काढले, आणि त्याला २०१७ चं पुलित्झर मिळालं.

२०१२ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी या वर्गातल्या औषधांच्या २५ कोटी ५० लाख चिठ्ठ्या लिहिल्या. शंभर माणसांमागे ८१. पुढे चिठ्ठ्या कमी होत गेल्या. पण सवय लागलेली माणसं हेरॉइनकडे आणि मग चोरट्या फेंटानिलकडे वळली. १९९९ ते २०२३ या काळात अशा औषधांच्या अतिमात्रेने गेलेल्यांची संख्या आठ लाखांवर आहे.

एकीकडे दोन दिवसही न पुरणारं औषध, दुसरीकडे सेकंदाला ३४४ गोळ्या. दोन्ही ठिकाणी चिठ्ठी लिहिणारा माणूस डॉक्टरच. मग पाहायला हवं, की वेदना हा विषय तो शिकला किती.

माणसासाठी १६, जनावरासाठी ८७

२०११ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या ११७ वैद्यकीय महाविद्यालयांचे अभ्यासक्रम तपासले गेले. अमेरिकेत चार वर्षांच्या शिक्षणात वेदनेवरच्या तासांचा मध्यक निघाला ९. डॉक्टरकडे माणूस सर्वाधिक वेळा ज्या तक्रारीसाठी जातो, तिला एक-दीड दिवस. कॅनडात दहा विद्यापीठांची पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली होती. वैद्यकीय विद्यार्थ्यांना सरासरी १६ तास, पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ८७. जे मुकं जनावर ‘इथे दुखतंय’ असं सांगू शकत नाही, त्याच्या वेदनेचा अभ्यास बोलत्या माणसाच्या वेदनेपेक्षा पाचपट.

रिकामी जागा फार काळ रिकामी राहत नाही. अमेरिकेत ती कंपन्यांनी भरली. पर्ड्यू फार्माने १९९६ मध्ये ऑक्सिकाँटिन ही ऑक्सिकोडोनची गोळी बाजारात आणली आणि जुलै २००२ पर्यंत वेदनेवरच्या २०,००० हून अधिक शिक्षण-कार्यक्रमांना पैसा पुरवला. दिवसाला आठ. २००१ पर्यंत पाच हजारांवर डॉक्टर, नर्स आणि औषधविक्रेते फ्लोरिडा, ॲरिझोना, कॅलिफोर्नियातल्या रिसॉर्टांवर कंपनीच्या खर्चाने परिषदांना जाऊन आले. कंपनीचे एमआर ३१८ होते, ते चार वर्षांत ६७१ झाले. व्यसन लागण्याचा धोका एक टक्क्याहून कमी, हे वाक्य त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं. विक्री १९९६ मध्ये ४ कोटी ८० लाख डॉलर, २००० मध्ये जवळपास ११० कोटी.

या ‘एक टक्क्याहून कमी’ला आधार म्हणून जे पुरावे फिरवले जात, त्यांतलं सर्वांत गाजलेलं पत्र पाच वाक्यांचं आहे. जानेवारी १९८० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ते छापून आलं. रुग्णालयात दाखल झालेल्या ११,८८२ जणांना असं औषध दिलं गेलं होतं, त्यांत व्यसनाच्या नोंदी फक्त ४ सापडल्या. आकडे खरे होते. पण हे रुग्ण खाटेवर होते, नर्सच्या नजरेखाली होते, आणि घरी गेल्यावर त्यांचं काय झालं हे कुणी विचारलं नव्हतं. २०१७ मध्ये संशोधकांनी मोजलं, तेव्हा या पत्राचा हवाला ६०८ वेळा दिला गेला होता. त्यांपैकी ४९१ वेळा हे रुग्ण दाखल असलेले होते, एवढी साधी गोष्टही सांगितलेली नव्हती. वेदनाशास्त्र नीट शिकलेल्या डॉक्टरने पाच वाक्यं वाचून पहिला प्रश्न हाच विचारला असता.

१८ किलोंचा देश

आपल्याकडे रिकामी जागा भीतीने भरली. १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा आला, त्यात किमान दहा वर्षांच्या सक्तमजुरीची तरतूद होती. मॉर्फिन ठेवायचं तर अनेक राज्यांत चार-पाच परवाने, वेगवेगळ्या खात्यांकडून, एकाच वेळी वैध असलेले. एकाची मुदत संपली की गाडी अडली. रुग्णालयांनी औषध ठेवणंच सोडलं. बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वापर ९७ टक्क्यांनी घसरला, आणि १९९७ मध्ये तो उरला १८ किलो. रोज ६० मिलिग्रॅम लागणाऱ्या रुग्णाला तीन महिन्यांत ५.४ ग्रॅम लागतात. त्या हिशेबाने १८ किलो पुरले असते सुमारे ३,३०० रुग्णांना. देशाची लोकसंख्या तेव्हा ९५ कोटींच्या पुढे होती.

गंमत अशी, की हाच देश कायदेशीर अफू पिकवतो. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात परवान्याने शेती होते. गाझीपूरचा सरकारी कारखाना १८२० पासूनचा, दुसरा नीमचला. कच्चा माल आपल्या शेतातला, पेटंटची भानगड नाही, तरी गोळी खाटेपर्यंत पोचत नाही.

२०१४ मध्ये संसदेने कायदा बदलला. २०१५ च्या नियमांनी मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन या सहा औषधांसाठी अनेक परवान्यांची जागा एका मान्यतेने घेतली. पण तोवर एक अख्खी पिढी तोंडाने देण्याचं मॉर्फिन एकदाही न लिहिता डॉक्टर होऊन गेली होती. कागद बदलता येतो. न शिकलेला हात लेखणी उचलत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये पॅलिएटिव्ह मेडिसिनचा, म्हणजे गंभीर आजारातल्या यातना कमी करणाऱ्या शाखेचा, देशातला पहिला एमडी अभ्यासक्रम सुरू झाला तो २०१२ मध्ये. आणि एमबीबीएसच्या २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात भूलशास्त्राखाली वेदनेचा स्वतंत्र विषय आला.

शिकवायचं काय?

बरंचसं अंकगणितच. १० मिलिग्रॅम ऑक्सिकोडोन म्हणजे १५ मिलिग्रॅम मॉर्फिन. १०० मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल म्हणजे सुमारे २०. औषध बदलताना हा गुणाकार चुकला, तर एका बाजूला वेदना परत येते आणि दुसऱ्या बाजूला श्वास थांबतो. सुरुवात लहान डोसने, सोबत बद्धकोष्ठावरचं औषध पहिल्या दिवसापासून, झोपेच्या गोळ्यांशी गाठ घालायची नाही, आणि चिठ्ठी किती दिवसांची हे आधी ठरवायचं.

शेवटच्या मुद्द्याचं वजन २०१७ च्या एका पाहणीत दिसतं. कॅन्सर नसलेल्या, अफूवर्गीय औषध प्रथमच घेणाऱ्या तेरा लाखांच्या आसपास अमेरिकी रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. किमान एक दिवस औषध मिळालेल्यांत वर्षभराने ६ टक्के ते घेतच होते. पहिलीच चिठ्ठी आठ दिवसांची किंवा त्याहून मोठी असेल तर १३.५ टक्के. महिन्याच्या वर गेली तर २९.९ टक्के.

मिशिगनमध्ये पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर मॉर्फिनच्या मापात साधारण २५० मिलिग्रॅमइतकं औषध घरी देत. रुग्णांना विचारल्यावर कळलं, वापरलं जातं सुमारे ३०. डॉक्टरांना तो आकडा दाखवला, नवी शिफारस दिली, आणि चिठ्ठी ७५ वर आली. पुन्हा औषध मागायला येणाऱ्यांची संख्या वाढली नाही.

मात्र नुसता आकडा पाठ करूनही भागत नाही. २०१६ मध्ये अमेरिकी रोगनियंत्रण केंद्राने दिवसाला ९० मिलिग्रॅमच्या पुढे जाताना सावध राहा, असं सांगितलं. अनेकांनी त्याचा लोखंडी नियम केला. वर्षानुवर्षं औषधावर असलेल्या रुग्णांचे डोस एका फटक्यात तोडले गेले, इतके की २०१९ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाला त्याविरुद्ध इशारा द्यावा लागला. २०२२ च्या नव्या मार्गदर्शिकेत ती आकड्यांची भिंत काढून टाकली.

त्याच वर्षाअखेर अमेरिकेने कायदा केला. नियंत्रित औषधं लिहिणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला आयुष्यात एकदा ८ तासांचं प्रशिक्षण, जून २०२३ पासून. पशुवैद्यांना सूट. तोवर उलटा कारभार होता. व्यसन सोडवणारं ब्युप्रेनॉर्फिन लिहायला २००० च्या कायद्याने आठ तासांचा वर्ग लागे. व्यसन लावू शकणारं ऑक्सिकोडोन लिहायला देशभर लागू असा एका तासाचाही नियम नव्हता.

१,७२३ रुग्ण

शिकलेल्या हाताने काय होतं? कोझिकोडला १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी वेदना व पॅलिएटिव्ह केअरचं काम उभं केलं. तिथे दोन वर्षांत १,७२३ रुग्णांना तोंडाने घ्यायचं मॉर्फिन घरी नेऊ दिलं. गैरवापराचं किंवा औषध बाहेर वळल्याचं एकही प्रकरण आढळलं नाही. २००१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झालं. पण या शून्याचाही १९८० च्या पत्रासारखा झेंडा करता कामा नये. ते शून्य मॉर्फिनच्या अंगी नव्हतं. रुग्ण तपासून, साठा मोजून, पुन्हा पुन्हा विचारपूस करणाऱ्या माणसांनी ते मिळवलं होतं.

युगांडाने तर डॉक्टरांची वाटही पाहिली नाही. डॉ. ॲन मेरिमन यांनी १९९३ मध्ये तिथे काम सुरू केलं. मॉर्फिनची पूड पाण्यात कालवून स्वस्त द्रावण, ताकदीप्रमाणे वेगळा रंग. २००४ पासून नऊ महिन्यांचा अभ्यासक्रम केलेल्या नर्सना ते लिहून देण्याचा अधिकार आहे.

जगातली मॉर्फिनची तूट भरून काढायला, औषध रास्त भावात मिळालं तर, वर्षाला साडेचौदा कोटी डॉलर पुरतील असं ‘लॅन्सेट’चा आयोग म्हणतो. ऑक्सिकाँटिनच्या २००० सालच्या विक्रीचा हा साधारण आठवा हिस्सा. इतका पैसा जग उभा करू शकतं. पण उद्या ते सगळे क्विंटल बंदरावर उतरले, तरी नऊ तास शिकलेल्या हातांत ते दोनच वाटांनी जातील: कपाटात कुलूपबंद, नाहीतर केरमिटला. म्हणून आपल्या २०१५ च्या नियमांतली एक अट मला कायद्यातल्या सगळ्या दुरुस्त्यांपेक्षा मोलाची वाटते. मान्यता हवी असलेल्या रुग्णालयात वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर हवा. किमान एक. जिल्हा रुग्णालयात नातेवाईक दाखल असेल, तर औषधाच्या आधी या एका माणसाची चौकशी करा.