आडव्या अंगाचीच घ्या!

शिंपी कापडाला कात्री लावण्याआधी गिऱ्हाइकाचं माप घेतो. ग्रीनलंडचा इनुइट शिकारी होडी बांधण्याआधी स्वतःचं माप घ्यायचा. दोन्ही हात पसरून जेवढं अंतर भरेल त्याच्या तिप्पट लांबी, आणि कमरेच्या रुंदीला वर दोन मुठी. सांगाडा समुद्रानं वाहून आणलेल्या लाकडाचा, त्यावर सीलचं कातडं. झाली कयाक तयार! शेजाऱ्याची उसनी मागायची सोय नाही, आणि पोट सुटलं तर पंचाईत.

आपण मात्र दुकानात जाऊन आधी रंग पसंत करतो.

मासेमारीसाठी कयाक घेताना पहिला आकडा विचारायचा तो रुंदीचा. लांबच्या सागरी प्रवासाची कयाक साधारण 21 ते 24 इंच रुंद असते, मासेमारीची 30 ते 36. मधल्या वीतभर फरकानं काय होतंय, असं वाटेल. पण लांबी तीच ठेवली तर होडीचा सुरुवातीचा स्थिरपणा रुंदीच्या घनाच्या हिशेबानं वाढतो. रुंदी दुप्पट, तर स्थिरपणा आठपट! 28 इंची सोडून 34 इंची घेतलीत, तर सहा इंचांत पावणेदोन पटीचा फायदा. वाण्याकडे असा भाव कधी मिळत नाही.

लांबी वाढवून मिळतो तो वेग. 10 फुटी कयाक ताशी पावणेआठ किलोमीटरच्या आसपास दमते. पुढे कितीही वल्हवा, ती स्वतःच उठवलेल्या लाटेत रुतून बसते. 16 फुटी दहापर्यंत जाते. पण गळ टाकून बसायचंय ना? मग कुणाशी शर्यत लावताय?

कोकणानं हे कोडं फार पूर्वी वेगळ्या रीतीनं सोडवलं. होडी अरुंदच ठेवायची आणि बाजूला दोन दांड्यांवर उलांडी नावाचं तरंगतं लाकूड बांधायचं, म्हणजे होडीचं अंग न वाढवता रुंदी वाढते. कयाकला लावायचे तरंगेही आता बाजारात मिळतात. तत्त्व तेच, फक्त प्लास्टिकचं.

स्थिरपणातही दोन जाती आहेत, आणि इथंच नवखा फसतो. सपाट तळाची कयाक संथ पाण्यात जेवायच्या पाटासारखी घट्ट बसते. पण एका मर्यादेपलीकडे कलली की एकदम पालथी. गोलसर तळाची बसताक्षणी डुगडुगते, जीव घाबरा करते. कलल्यावर मात्र सावरून धरते. तलाव, धरणाचं पाणी आणि शांत खाडी यांसाठी सपाट, रुंद तळच बरा. उघड्या समुद्राच्या लाटांत तोच तळ लाटेच्या उताराबरोबर कलतो, हे विसरू नका.

बूड भोकांचं असलं तरी घाबरू नका. आत पाय घालून बसायच्या कयाकपेक्षा वर बसायची ‘सिट-ऑन-टॉप’ मासेमाराला सोयीची, आणि तिच्या बैठकीतून थेट तळापर्यंत आरपार भोकं असतात. पहिल्यांदा पाहणारा हमखास विचारतो, “बुडणार नाही का हो?” नाही. बैठक पाण्याच्या पातळीच्या वर असते आणि पोकळ पोट बंद असतं, त्यामुळे वर उडालेलं पाणी या भोकांतून निथळून जातं. वजन जास्त झालं तर तेच पाणी खालून वर येतं आणि तुम्ही ओल्या चड्डीत मासे धरता.

म्हणून दुसरा आकडा वजनाचा. कयाक 150 किलो पेलते असं लिहिलेलं असेल, तर व्यवहारात सत्तर टक्के धरा, म्हणजे 105. तुम्ही 80 किलोचे असाल तर उरले 25. त्यात गळ, बर्फाची पेटी, पाणी आणि डबा. डबा आधीच खाल्ला म्हणून वजन घटत नाही, ते फक्त पोटात जातं!

आरामखुर्चीसारखी उंच बैठक पाठीला सुख देते, पण गुरुत्वमध्यही वर नेते. उंच बैठक हवी तर रुंदीही हवी.

पायानं चालवायच्या कयाक झकास असतात. होबी कंपनीनं 1997 मध्ये आणलेली यंत्रणा पेंग्विनच्या पंखांसारखी हलते आणि दोन्ही हात गळासाठी मोकळे राहतात. खिसाही मोकळा होतो. तेव्हा सुरुवात वल्ह्यानं करा, तीही शक्यतो वापरलेल्या कयाकवर. उन्हानं किंवा आवळलेल्या पट्ट्यांनी प्लास्टिकला पडलेला पोचा बघून नाक मुरडू नका. कयाक पुन्हा उन्हात ठेवली की पुष्कळदा तो आपसूक भरतो. नाक मुरडायचं ते भोकांच्या कडांना चिरा दिसल्या तर. सामानासाठी महागडी पेटीही नको. अमेरिकेतले कसलेले गळवालेसुद्धा मागे दुधाचा क्रेट बांधतात.

आणि लांबच्या प्रवासाची हौस असेलच, तर ऑस्कर स्पेक आठवा. हा जर्मन गडी 1932 मध्ये घडीच्या कयाकमधून डॅन्यूब नदीत उतरला. सायप्रसच्या तांब्याच्या खाणीत काम शोधायचं होतं. वल्हवत राहिला तो थेट आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून पुढं, सात वर्षांत सुमारे 50,000 किलोमीटर. 1939 च्या सप्टेंबरात ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातल्या बेटावर पोचला. तोवर महायुद्ध पेटलं होतं, म्हणून स्वागताला पोलीस आणि पुढं स्थानबद्धता!

तुम्हाला एवढं लांब जायचं नाही. पैसे मोजण्याआधी जीवनरक्षक जॅकेट चढवा, कयाक कमरेएवढ्या पाण्यात न्या आणि मुद्दाम उलटी करून बघा. उलटवायला घाम फुटला तर सौदा चांगला. मग पुन्हा वर चढा. पाय आधी टाकायचा नाही, पोटावर आडवं होऊन सरकायचं, अगदी सीलसारखं.