एका हाताची गोष्ट आणि अनेक हातांची

आमच्या गोंदियात आठवी-नववीची मुलं मधल्या सुट्टीत 'नारुतो' आणि 'वन पीस'वर तावातावाने बोलतात. कोण मेला, कोण परत येणार, ही चर्चा घंटा झाली तरी संपत नाही. घरच्यांना हे सगळं एकच वाटतं. जपानी असो की अमेरिकन, 'कार्टून' म्हणून अम्मी-अब्बा मोकळे होतात. मुलांना मात्र सुपरमॅन आणि नारुतो यांच्यातला फरक पक्का जाणवतो, फक्त तो नेमका काय हे सांगता येत नाही. आम्हाला वाटतं, उर्दू वाचणाऱ्या घरांना तो सगळ्यांत आधी कळायला हवा. लांबलचक गोष्ट चालवण्याच्या या दोन्ही तऱ्हा आपल्याकडे आधीच नांदून गेल्या आहेत.

जपानी चित्रकथेला मांगा म्हणतात. 'नारुतो' १९९९ साली 'शोनेन जंप' या साप्ताहिकात सुरू झाली आणि २०१४ साली संपली. ७०० प्रकरणं, ७२ खंड. हाताखाली मदतनीस असतात, पण गोष्ट पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकाच माणसाची, मासाशी किशिमोतो यांची. सुरुवातीला नारुतो गावाने झिडकारलेला अनाथ, उनाड पोरगा आहे. शेवटी तो गावाचा प्रमुख आणि दोन मुलांचा बाप होतो. एइचिरो ओदा यांची 'वन पीस' १९९७ पासून चालू आहे. शंभराहून अधिक खंड झाले तरी ती संपलेली नाही, पण शेवट काय असणार हे आपल्याला ठाऊक आहे असं ओदा सांगत आले आहेत. वाचक त्या भरवशावर थांबतो.

अमेरिकेत उलटं. सुपरमॅन १९३८ सालचा. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी त्याचे हक्क १३० डॉलरला विकले, तेव्हापासून तो कंपनीचा झाला. लेखक बदलत गेले, चित्रकार बदलत गेले, सुपरमॅन मात्र तरुणच राहिला. १९९२ साली त्याला मारलं, तो अंक लाखोंनी खपला आणि १९९३ साली तो परत आला. त्याला जन्म देणाऱ्या दोघांना वर्षाला २०,००० डॉलरची पेन्शन मिळायला १९७५ साल उजाडलं.

या पद्धतीत काय होतं ते कमला खानच्या बाबतीत नीट दिसतं. न्यू जर्सीत राहणाऱ्या पाकिस्तानी घरातली ही सोळा वर्षांची मुलगी २०१४ साली 'मिस मार्व्हल' झाली. तिची पहिली लेखिका जी. विलो विल्सन स्वतः इस्लाम स्वीकारलेली अमेरिकन. कथेत मशीद आहे, अब्बांची काळजी आहे, रात्री उशिरा घरी आल्यावरची बोलणी आहेत. पहिल्या पुस्तकाला २०१५ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. २०१९ साली विल्सन बाजूला झाल्या आणि सलादीन अहमद लिहू लागले. इथवर ठीक. मग २०२३ च्या मे अखेरीस कंपनीने कमलाला मारलं, तेही तिच्या स्वतःच्या नव्हे, स्पायडरमॅनच्या मासिकात. दोन महिन्यांच्या आत ती पुन्हा जिवंत! आमच्या मते ही त्या मुलीची आणि तिच्यात स्वतःला पाहणाऱ्या वाचक मुलींची थट्टा झाली. ज्या मरणाला कोणी दोन महिनेही धरून राहत नाही, त्यावर वाचणाऱ्याने रडावं तरी कसं?

तरीही अनेक हातांची गोष्ट म्हणजे वाईटच असं नाही. आपली अमीर हमज़ांची दास्तान तशीच तर आहे. नाव हजरत हमज़ा (रजि.) यांचं असलं तरी ती सीरत नव्हे, निव्वळ कल्पित. शेकडो दास्तानगोंच्या तोंडून ती वाढत गेली आणि लखनौच्या मुन्शी नवल किशोर यांच्या छापखान्याने ती ४६ खंडांत छापली. त्यातल्या 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे पहिले चार भाग मुहम्मद हुसैन जाह यांनी लिहिले. ते बाजूला झाल्यावर अहमद हुसैन क़मर यांनी गोष्ट पुढे नेली. अम्र अय्यारच्या झंबीलमध्ये हवं ते मावतं. डोरेमॉनच्या खिशावर हसणाऱ्या मुलांना हे एकदा सांगून बघा.

एका हाताची गोष्ट म्हटली की इब्ने सफ़ी आठवतात. १९५२ साली अलाहाबादेतून 'जासूसी दुनिया' सुरू झाली, १९५५ साली इमरान आला. १९६० ते ६३ लेखक आजारी होते. त्या काळात नकली इमरानांनी बाजार भरला, पण वाचक खऱ्याची वाट पाहत राहिले. १९६३ मध्ये 'डेढ़ मतवाले' आली आणि तिच्यावर उड्या पडल्या. १९८० साली इब्ने सफ़ी गेल्यावर इतरांनी इमरान चालवला. नाव तेच होतं, पण बोलण्यातली ती खोडकर धार आम्हाला तरी त्यात सापडली नाही.

मुंबईतही हा प्रयोग झाला. टाइम्स ऑफ इंडियाच्या इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९० मराठीतही निघत. त्यातल्या वेताळाची युक्ती न्यारी. बाप गेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो, म्हणून जंगलातल्या लोकांना वेताळ अमर वाटतो. अमेरिकन नायकांत असा हिशोब क्वचितच कोणी ठेवला असेल. १९७६ साली आबिद सुरती यांनी त्याच मालिकेत आपला बहादुर आणला, डाकूचा मुलगा पण डाकूंशी लढणारा. पुढे त्याचं लेखन दुसऱ्या हातात गेलं. १९९० साली इंद्रजाल बंद झाली आणि बहादुर मध्येच थांबला.

एका हाताची किंमतही मोठी असते. 'जंप'च्या अंकात वाचकांसाठी पोस्टकार्ड असतं, आवडत्या तीन कथा निवडायच्या. मागे पडलेली कथा लवकरच गुंडाळली जाते. टिकलेल्या कथेचा लेखक वर्षानुवर्षं दर आठवड्याला पानं देत राहतो. आणि तो माणूसच गेला तर? केंतारो मिउरा १९८९ पासून 'बर्सर्क' काढत होते. (ती कथा प्रौढांसाठी आहे, मुलांच्या हाती देऊ नये.) २०२१ साली ते वारले. त्यांनी पुढची सगळी गोष्ट एका जुन्या मित्राला तोंडी सांगून ठेवली होती. २०२२ पासून कोउजी मोरी हे मित्र मिउरांच्या मदतनिसांकडून ती पुरी करून घेत आहेत. जे ऐकलं तेवढंच सांगेन, असं त्यांनी जाहीर केलं. आपल्या रावीची आठवण व्हावी असंच हे.

मुलगा मांगा मागत असेल तर सरसकट नको म्हणण्याआधी खंडाची मागची बाजू बघावी. इंग्रजी आवृत्त्यांवर बहुधा वयाची खूण असते: 'टी' म्हणजे किशोरांसाठी, 'टी प्लस' म्हणजे त्याहून मोठ्यांसाठी, 'एम' म्हणजे प्रौढांसाठी. चोरीच्या साइटवर ही खूण दिसेलच असं नाही आणि लेखकाला छदामही मिळत नाही. त्याऐवजी 'जंप'च्या प्रकाशकाचं 'मांगा प्लस' हे अ‍ॅप आहे, त्यात पहिली आणि ताजी काही प्रकरणं मोफत, पण मराठी, हिंदी वा उर्दूत नाहीत. छापील पुस्तक मात्र उजवीकडून उघडतं आणि चित्रंही उजवीकडून डावीकडे वाचायची असतात. इंग्रजी शाळेतली मुलं सुरुवातीला गोंधळतात. आमच्या उर्दू वर्गातल्या मुलांना ते सांगावं लागत नाही.