निखाऱ्यावरची पुडी

सह्याद्रीत मुक्कामी भटकंतीला निघालेल्या मंडळींच्या सामानात पूर्वी एक काळवंडलेलं पातेलं असायचंच. ते कुणाच्या पाठीवर लादायचं, यावरून एसटीतच कुरबुर सुरू होई. आता त्या पातेल्याच्या जागी अॅल्युमिनियम फॉइलची गुंडाळी आली आहे. वजन जवळजवळ नाही, घासायची कटकट नाही. लहानपणी आम्ही या पदार्थाला ‘चांदी’ म्हणायचो. सिगारेटच्या रिकाम्या पाकिटातली चांदी नखाने साफ करून वहीत जपायची. आज त्याच चांदीत बटाटे, मासे, कोंबडी बांधून निखाऱ्यात ठेवतात.

लोक याला ‘भाजणं’ म्हणतात. पण बंद पुडीत अन्न मुख्यतः वाफेवर शिजतं. कांदा, बटाटा, मासा यांच्या अंगात पाणी भरपूर असतं. ते तापतं, त्याची वाफ होते, पुडी फुगते आणि कोंडलेल्या वाफेत पदार्थ शिजतो. आमच्या घरात याला दम म्हणतात. बिर्याणीच्या हंडीचं झाकण कणकेने लिंपायचं, खाली मंद आच, झाकणावर चार निखारे. फॉइलची पुडी म्हणजे तळहाताएवढी दमाची हंडीच. तिला कागद न समजता भांडं समजलं, की पुढचं बरंच आपोआप उमगतं.

भांडं म्हटलं की तळ मजबूत हवा. घरातलं फॉइल मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाइतकं पातळ असतं, म्हणून ते दुहेरी घ्यावं. चकचकीत बाजू आत की बाहेर, यावर मुलं तावातावाने वाद घालतात. त्यात काही तथ्य नाही. कारखान्यात शेवटच्या लाटणीला दोन पत्रे एकत्र लाटतात. रुळाला लागलेली बाजू चमकते, एकमेकांना चिकटलेली मंद राहते, एवढंच. आतून तेलाचं बोट फिरवावं. बटाट्याच्या पातळ चकत्या तळाला, त्यावर कांदा, त्यावर मासा किंवा कोंबडीचे लहान तुकडे. मीठ, मिरची, आलं-लसूण. कडा दोनदा दुमडून घट्ट दाबायच्या, पण वर वाफेला फुगायला जागा ठेवायची. आवळून बांधलेली पुडी फाटते आणि रस राखेत जातो.

आता विस्तव. जाळ दिसला की पुडी टाकायची घाई होते, आणि नेमकं तेच करायचं नाही. अॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. जोरात फुललेला निखारा त्याच्याही वर जाऊ शकतो. ज्वाळेत बाहेरचं करपतं, आतला बटाटा कच्चा. लाकूड तासभर जळू द्यावं, निखाऱ्यांवर राखेची पांढरी साय आली की ते बाजूला पसरावे आणि त्यांवर पुडी ठेवावी. बटाट्याच्या चकत्यांना वीस-पंचवीस मिनिटं, कोंबडीच्या लहान तुकड्यांना अर्धा तास, बांगड्याला पंधरा मिनिटं पुरतात. मध्ये एकदा उलटायचं. अख्ख्या रताळ्याला पाऊण तास तरी द्या. उंचावर थोडा धीर धरावा लागतो. कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंचीवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे वाफही तेवढी कमी गरम. कोंबडी मात्र घड्याळावर सोडू नये. पुडी उघडून, तुकडा फोडून पाहावा. आत गुलाबी दिसला तर पुन्हा निखाऱ्यावर. उघडताना तोंड लांब ठेवा, कोंडलेली वाफ क्षणात बोटं पोळवते.

एक गोष्ट या भांड्याला सोसत नाही, ती म्हणजे आंबट. चिंच, कोकम, टोमॅटो, लिंबू आणि सोबत मीठ, असं सगळं आत गेलं की धातूला बारीक भोकं पडतात आणि त्याचा अंश अन्नात उतरतो. कोकणातल्या माणसाने मासा आंबटाशिवाय खायचा म्हणजे शिक्षाच. त्यावर उपाय सोपा आहे: आत केळीचं पान, बाहेर फॉइल. लिंबू पुडी उघडल्यावर पिळावं. पानाचा वास माशाला लागतो तो वेगळाच. फॉइलला स्वतःचा वास नाही, हे तिचं मोठं उणेपण.

पान म्हटलं की रायगडातली पोपटी आठवायलाच हवी. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, शेंगा, बटाटे, केळीच्या पानात बांधलेली मसाल्याची कोंबडी, ओवा आणि जाडं मीठ. पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्यानेच बंद करून मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-पाचोळ्याचा जाळ करायचा. मडक्याचं अंग जाड असल्याने त्याला ज्वाळा चालते; पाल्याच्या ओलाव्यावर सगळं शिजतं. तत्त्व तेच, दमाचं. हल्ली पोपटीतली कोंबडीही कुणी कुणी फॉइलमध्ये बांधतात. मला ते पटत नाही. केळ दारात असताना चांदी कशाला?

माझा आक्षेप चवीपुरता नाही. पोपटी संपली की पाला शेतातच कुजतो. फॉइल कुजत नाही आणि जळून नाहीशीही होत नाही. तिचे फक्त ठिसूळ तुकडे होतात. गडावरच्या कुठल्याही जुन्या चुलीत काठी फिरवून पाहा, राखेतून चंदेरी कपटे वर येतात. रश्शाचा वास लागलेला तुकडा गुरं चघळतात. भांडं कुणी जंगलात टाकून येत नाही. मग हे भांडं का टाकावं? चेंडू करून पिशवीत घालायला दोन मिनिटं लागतात.

विस्तवाचंही तसंच. राखीव जंगलात मनाई असताना आग पेटवणं किंवा ती धोकादायकपणे जळती सोडणं १९२७च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहे. फाल्गुन-चैत्रात डोंगरउतारावरचं गवत एका ठिणगीची वाट पाहत असतं. त्या दिवसांत डोंगरावर घरून शिजवून नेलेलं खावं. पुड्यांची हौस हिवाळ्यात, शेतात, मालकाला विचारून भागवावी. गवत खरवडून काढलेल्या मोकळ्या जमिनीवर, शेजारी बादलीभर पाणी ठेवून. निघताना निखाऱ्यांवर पाणी ओतायचं, काठीने ढवळायचं, पुन्हा ओतायचं. मग हाताची मागची बाजू राखेजवळ न्यायची. ऊब लागली तर अजून एक तांब्या.

आणि विझवायच्या आधी, निखारे मंदावलेले असताना, सालासकट केळ्याला उभी चीर देऊन आत गुळाचा खडा दाबा, वर वेलची. पुडी बांधून आठ-दहा मिनिटं ठेवा. चमचा लागत नाही, सालच वाटी होते.