तारखेचे अंतर

चाळीसगाव हे जळगाव जिल्ह्याचे दक्षिण टोक. जिल्ह्याचे ठाणे रेल्वेने सुमारे ९० किलोमीटरवर आणि धुळे, जे शेजारच्या जिल्ह्याचे ठाणे आहे, ते याच स्थानकातून फुटणाऱ्या शाखेने सुमारे ५५ किलोमीटरवर. ही शाखा १९०० साली सुरू झाली तेव्हा सगळा खानदेश एकच जिल्हा होता आणि त्याचा कारभार धुळ्यातून चाले. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, चाळीसगाव पूर्वेत गेले आणि जवळचे ठाणे सोडून दूरच्या ठाण्याला जोडले गेले. तेव्हाच्या सरकारने वाटणी केली ती महसुलाच्या सोयीने. न्यायालयाची हद्द अशा महसुली रेषेच्या मागोमाग येते, कधी लगेच तर कधी बऱ्याच वर्षांनी, आणि एकदा आली की शंभर वर्षे हलत नाही. मला वाटते, न्यायालये नव्याने काढताना किंवा त्यांची फेरमांडणी करताना आपण नेमके हेच उलटे करायला हवे. आधी पक्षकाराच्या फेऱ्या मोजाव्यात आणि मग रेषा आखावी. दावा लावल्यापासून निकाल प्रत्यक्ष हातात पडेपर्यंत माणसाला किती वेळा घर सोडावे लागते, हेच न्यायालयाच्या रचनेचे खरे माप आहे.

ही रचना आजही मुळात १८६९ च्या कायद्यावर उभी आहे. मुंबई दिवाणी न्यायालये अधिनियम या नावाने तो झाला, आता तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. जिल्हा न्यायाधीश, त्यांच्याखाली दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर, त्याखाली कनिष्ठ स्तर, अशी ती उतरंड. बहुतेक तालुक्यांत कनिष्ठ स्तराचा न्यायाधीशच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीही असतो. सकाळी वाटपाचा दावा आणि दुपारी मारामारीचा खटला एकाच खुर्चीवरून चालतो. दाव्याची रक्कम ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, सरकारच पक्षकार असले किंवा भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याचा प्रश्न असला, तर प्रकरण वरच्या स्तराकडे जाते. खुनासारखा गुन्हा सत्र न्यायालयात चालतो. म्हणजे न्यायालय गावात आहे एवढ्यावर भागत नाही, कोणत्या स्तराचे आहे हेही पाहावे लागते. गिरणेच्या कालव्याखाली जमीन गेलेल्या शेतकऱ्याला किंवा खुनाच्या खटल्यातल्या साक्षीदाराला दारातल्या कनिष्ठ स्तराचा उपयोग नसतो. जळगाव जिल्ह्यातच अमळनेर आणि भुसावळ येथे जिल्हा व सत्र न्यायालये बसतात, त्यामुळे जिल्ह्याच्या मोठ्या भागातील साक्षीदारांची जळगावची वाट वाचते. हा अनुभव जिल्ह्याच्याच पदरी आहे, तो दुसरीकडून शिकायला नको.

फेरी म्हणजे काय, ते वाटपाच्या साध्या दाव्यावरून नीट कळते. पिलखोडकडच्या एखाद्या कुटुंबात बहिणीने भावांविरुद्ध हिस्स्याचा दावा लावला असे धरा. वकीलपत्र आणि दावा दाखल करण्याची पहिली फेरी. मग समन्स निघते आणि ते नाझराकडून बेलिफाच्या हाती जाते. बेलिफाकडे चाळीस गावे असतील आणि एक भाऊ सुरतेला कामाला असेल, तर समन्स न बजावताच परत येते आणि पुढची तारीख पडते. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे कैफियत ३० दिवसांत, फार तर ९० दिवसांत द्यायची, पण ही मुदत समन्स बजावल्यापासून मोजली जाते. बजावणीच रखडली तर कायद्याचे घड्याळ सुरूच होत नाही. पुढे मुद्दे निघतात, सातबारा आणि फेरफाराच्या नकला लागतात, साक्षीपुरावा होतो, उलटतपासणी होते. हुकूमनामा झाला तरी काम संपत नाही. महसूल भरणाऱ्या शेतजमिनीचे प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्याकडून व्हायचे असते. मग कागद महसूल खात्यात जातो, तिथून मोजणीला, आणि फेऱ्यांचे दुसरे पर्व सुरू होते. हा सगळा प्रवास पाहिला की न्यायाधीशासमोरच्या सुनावणीला लागणारा वेळ त्यात किती थोडा आहे ते दिसते. बहुतेक फेऱ्या बजावणी, नक्कल, मोजणी आणि पुढे ढकललेली तारीख यांत जातात. कापूस वेचणीच्या दिवसांत तारीख आली तर त्या फेरीची किंमत एसटीच्या तिकिटापुरती राहत नाही, मजुरांसह एक दिवस बुडतो.

तरीही नवे न्यायालय मागताना पहिला प्रश्न विचारला जातो तो प्रलंबित प्रकरणांचा. विधी आयोगाने १९८७ च्या १२० व्या अहवालात दर दहा लाख लोकसंख्येमागे न्यायाधीश साडेदहा आहेत असे नोंदवून ते ५० करावेत असे सुचवले. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऑल इंडिया जजेस असोसिएशनच्या प्रकरणात पाच वर्षांत तिथवर पोचण्याचा आदेश दिला. मंजूर पदे धरूनही देशाचा आकडा अजून २१ च्या आसपास आहे. जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ४२ लाखांवर होती, म्हणजे त्या मापाने एकट्या जिल्ह्याला दोनशेहून अधिक न्यायाधीश हवेत. २०१४ च्या २४५ व्या अहवालात आयोगाने लोकसंख्येचे माप बाजूला ठेवले आणि एक न्यायाधीश वर्षाला किती प्रकरणे निकाली काढतो, त्यावरून पदे काढायला सांगितले. हिशेब म्हणून ते अधिक काटेकोर आहे. पण दोन्ही मापांत एक माणूस सुटतो. रस्त्याचा वाद, बांधाचा वाद किंवा पोटगीचा हक्क असूनही फेऱ्या परवडत नाहीत म्हणून जो दावाच लावत नाही, तो प्रलंबित यादीत कुठे दिसणार? न्यायालय दूर असल्याने प्रकरणे कमी, आणि प्रकरणे कमी म्हणून न्यायालय दूरच, अशी ही गाठ आहे. १९०६ च्याच मामलेदार न्यायालय अधिनियमाने शेताच्या वहिवाटीचा रस्ता किंवा पाण्याचा प्रवाह अडवला तर तो मोकळा करण्याचा अधिकार तालुक्याच्या मामलेदाराला दिला. आज तहसीलदार तो वापरतात आणि शेतकरी तिकडे वळतात, कारण तो अधिकारी तालुक्यात बसतो. वाद असतातच. ते कुठल्या दारात जातात हे अंतरावर ठरते.

याला पहिला आक्षेप येतो तो असा की, सगळीकडे वरच्या स्तराची न्यायालये काढली तर काही ठिकाणी काम पुरणार नाही, न्यायाधीश रिकामे बसतील आणि चांगले वकील विखुरतील. आक्षेप खोटा नाही. पण त्याचे उत्तर त्या जुन्या कायद्यातच आहे. कलम २३ म्हणते की न्यायालय हद्दीतल्या एका किंवा अधिक जागी भरवता येते, आणि अनेक जागा नेमल्या असतील तर कोणत्या जागी कोणत्या दिवशी बसायचे ते जिल्हा न्यायाधीशांनी ठरवायचे. म्हणजे एका वरिष्ठ स्तराच्या न्यायाधीशाला दोन तालुके देऊन ठरलेल्या दिवशी दोन्हीकडे बसवता येते. एका माणसाने तालुका बदलावा, की शंभर पक्षकारांनी आणि साक्षीदारांनी जिल्हा गाठावा, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर मला स्पष्ट दिसते. उच्च न्यायालयाच्या बाबतीत महाराष्ट्राने हे तत्त्व स्वीकारले आहे. औरंगाबादचे खंडपीठ १९८४ मध्ये कायम झाले आणि आज जळगाव, धुळे, नंदुरबारची अपिले तिथे चालतात. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला फिरते खंडपीठ बसले. चाळीसगावकराला खंडपीठासाठी कन्नड घाट चढावा लागतो आणि २०२१ च्या पावसात दरडींनी तो रस्ता बंद झाला होता हे खरे, तरी सव्वातीनशे किलोमीटरवरच्या मुंबईपेक्षा ते जवळ आहे. वर जे मान्य केले, ते खाली नाकारायला कारण नाही.

दुसरा आक्षेप अधिक नवा आहे आणि मला अधिक वजनदार वाटतो. ई-कोर्ट्स प्रकल्प २००७ पासून चालू आहे, त्याच्या तिसऱ्या टप्प्याला २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले, प्रकरणाची पुढची तारीख फोनवर दिसते, साक्षही दूरदृश्य प्रणालीने घेता येते. मग इमारती आणि हद्दींचा आग्रह कशाला? या सोयींनी माहितीसाठीची फेरी खरोखर वाचली आहे आणि ती लहान गोष्ट नाही. पण मूळ खरेदीखत न्यायालयासमोर ठेवणे, अंगठ्याचा वाद सोडवणे, घाबरलेल्या बाईची साक्ष घरातल्यांच्या नजरेआड घेणे ही कामे पडद्यावरून नीट होत नाहीत. समन्स तर अजूनही बहुतेक वेळा पायीच पोचते. यंत्राने वाचलेल्या फेऱ्या जरूर वजा कराव्यात, उरलेल्या मात्र मोजायलाच हव्यात.

आणि त्या कमी होतात त्या कर्मचाऱ्यांमुळे. संविधानाच्या अनुच्छेद २३५ ने जिल्हा आणि तालुका न्यायालयांवरचे नियंत्रण उच्च न्यायालयाला दिले, पण पदे आणि पैसा राज्य शासन मंजूर करते. या दोहोंमध्ये सर्वांत आधी गळतो तो शिरस्तेदार, लघुलेखक, बेलिफ आणि अभिलेख कक्षाचा कारकून. न्यायालय दुभंगते तेव्हा गावागणिक फायली निवडाव्या लागतात, क्रमांक बदलतात, पक्षकारांना कळवावे लागते. संहितेचे कलम १५० नव्या न्यायालयाला जुन्याचे सगळे अधिकार देते, पण फाईल सापडली नाही तर तो अधिकार वापरायचा कशावर? चाळीसगाव तालुक्यातल्याच पाटणच्या शिलालेखाकडे यासाठी पाहावे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला आणि १२०७ साली निकुंभ घराण्याच्या सोइदेवाने त्याला दान दिले. लेखात बाजारातल्या विक्रीवर आणि तेलाच्या घाण्यावर बसवलेल्या वाट्याचीही नोंद आहे. मठ कशावर चालेल, हेही दगडावर कोरले गेले; न्यायालय काढतानाही ते असेच आधी लिहून ठेवायला हवे.

म्हणून चाळीसगावच्या आणि खानदेशातल्या इतर तालुक्यांच्या वकील संघांना एवढीच विनंती आहे. पुढच्या मागणीपत्रात प्रलंबित प्रकरणांच्या तक्त्याशेजारी दुसरा तक्ता जोडा: गेल्या वर्षी निकाली निघालेल्या शंभर दाव्यांत प्रत्येक पक्षकाराला किती तारखा पडल्या, त्यांतल्या किती बजावणीअभावी वाया गेल्या आणि किती तालुक्याबाहेर होत्या. रोजनाम्यात हे सारे तारीखवार लिहिलेले आहे. आणि नव्या न्यायालयाच्या मंजुरीत न्यायाधीशाबरोबर बेलिफांची आणि अभिलेख कक्षाची पदे नसतील, तर ती मंजुरी अपुरी आहे असे त्याच दिवशी लेखी कळवा.