सात दिवसांत नऊ हजार ओव्या

न्हावरे हे घोड आणि भीमा या नद्यांच्या मधल्या ऊसपट्ट्यातले गाव. पुणे जिल्ह्यात ते घोडगंगा साखर कारखान्याचे गाव म्हणून माहीत असते. या शिरूर-दौंडच्या मुलखात अखंड हरिनाम सप्ताह बसतो, तेव्हा गावोगावच्या मांडवांत एक विलक्षण गोष्ट घडते. एरवी कवितेचे पुस्तक हाती न घेणारी शेतकरी बायामाणसे सकाळी पोथी पुढ्यात ठेवून रांगेने बसतात आणि सातशे वर्षांहून जुने काव्य तासन् तास मोठ्याने वाचतात. सात दिवसांत ते काव्य पुरे होते. पुढच्या वर्षी तीच माणसे तेच काव्य पुन्हा वाचायला बसतात.

हे काव्य म्हणजे अर्थातच ज्ञानेश्वरी. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. प्रवरेकाठच्या नेवाशात ज्ञानेश्वरांनी ती सांगितली आणि सच्चिदानंद बाबांनी लिहून घेतली. गीतेचे श्लोक ७००, त्यावर ज्ञानेश्वरांच्या ओव्या सुमारे ९,०००. एवढा ग्रंथ आठवडाभरात, तोही समूहाने आणि एका सुरात वाचायचा, हे कसे जमते?

थोडा हिशेब करून पाहू. ९,००० ओव्या सात दिवसांत वाटल्या तर रोजच्या जवळपास १,३०० होतात. सकाळचे पारायण साधारण चार तास चालते असे धरले, तर मिनिटाला पाच ते सहा ओव्या पडतात. म्हणजे एका ओवीला दहा-अकरा सेकंद.

हा वेग लक्षात ठेवून आता इटलीकडे वळू. लुचानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी २३ जणांना लॅटिनमधली मेरीची प्रार्थना आणि 'ओम मणिपद्मे हुम्' हा मंत्र म्हणायला लावले. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास मंदावला आणि हृदयाचे ठोके व रक्तदाब यांची लय त्या श्वासाशी जुळू लागली. पुढे २००४ मध्ये जर्मन संशोधकांना होमरच्या महाकाव्याच्या वृत्तबद्ध ओळी म्हणतानाही श्वास आणि हृदय असेच एकमेकांशी जुळताना दिसले. एका ओवीला एक श्वास धरला, तर आपला हिशेब आणि इटलीतली मोजणी मिनिटाला सहाच्या जवळ येऊन भेटतात, ही सिद्धता नव्हे. पण अंगावर काटा आणणारा योग नक्कीच आहे.

या योगाचे मूळ ओवीच्या घडणीत शोधावेसे वाटते. पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि यमकातून मोकळा. तीन वेळा लय वर चढते आणि चौथ्या चरणावर वाचणारा थांबतो, श्वास घेतो, पुढची ओवी उचलतो. मांडवात शेकडो माणसे वाचत असली तरी सगळे याच जागी थांबतात. पुढे व्यासपीठावरून पारायण चालवणारे महाराज असतातच, पण सगळ्यांना एकत्र ठेवण्याचे निम्मे काम वृत्तच करते.

ज्ञानेश्वरांना हे वृत्त आयते मिळाले ते बायकांकडून. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराने लिहिलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओव्या गातात अशी नोंद आहे. मुसळाच्या घावाबरोबर किंवा जात्याच्या फेऱ्याबरोबर चालणारे हे गाणे श्रमणाऱ्या शरीराच्या दमाने बेतलेले होते. ज्ञानेश्वरांनी त्यात गीतेचे तत्त्वज्ञान ओतले. गायली तरी शोभेल आणि नुसती वाचली तरी रंगेल अशी ओवी आपण केली, असे त्यांनी अठराव्या अध्यायात अभिमानाने सांगितले आहे. बायकांच्या ओव्याही थांबल्या नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. शिरूर तालुक्यातल्या सविंदण्याचा आवाजही त्या संग्रहात आहे.

मग अर्थाचे काय? सप्ताहाचा दिवसच याचे उत्तर देतो. पहाटे काकडा, सकाळी पारायण, दुपारनंतर प्रवचन, सांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन. सकाळी ओवी तोंडातून जाते, दुपारी तिचा उलगडा कानावर पडतो, रात्री तीच कीर्तनकाराच्या दाखल्यांतून जगण्यात उतरते. या सगळ्या वेळी वीणा अखंड कोणाच्या तरी खांद्यावर असते, कारण पहारे वाटून घेतलेले असतात. युरोपातल्या मठांतही अशीच रीत होती. बाराव्या शतकात गिगो नावाच्या साधूने पवित्र वाचनाच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि मौन चिंतन. शीख परंपरेतल्या अखंड पाठात गुरू ग्रंथसाहिबाची १,४३० पाने साधारण ४८ तासांत वाचली जातात, आणि त्यांत आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत. पंढरीच्या कवीचे शब्द पंजाबात आजही साधना म्हणून वाचले जातात.

या सगळ्या परंपरांचा माझ्या मते एकच मोठा शोध आहे. कविता आधी समजावी आणि मग भिडावी, असा क्रम असायलाच हवा असे नाही. आधी ती श्वासात बसू शकते, समज मागाहून येते. म्हणूनच अक्षरओळख बेताची असलेला माणूसही मांडवात बसून साधक होऊ शकतो. त्याच्या हाती पांडित्य नसेल, पण दम असतो, कान असतो आणि शेजारी वाचणाऱ्याचा आवाज असतो.

सप्ताहाची वाट न पाहता हे घरीही करता येते. ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय घ्यावा. त्यात अडीचशेच्या आसपास ओव्या आहेत, पाऊण तासात मोठ्याने वाचून होतात. वाचताना चौथ्या चरणावर थांबायचे, श्वास पुरता घ्यायचा आणि घरातले कोणी असेल तर सोबत बसवायचे. अर्थ पहिल्याच दिवशी पुरता लागावा अशी घाई नको. पारायणाला बसणारी माणसे तोच ग्रंथ वर्षानुवर्षे वाचतात, कारण मागच्या वर्षी नुसती तोंडातून गेलेली ओवी यंदा अचानक उमगते.